हात हलतोय, पाय कळेनात, अन् शुगर नॉर्मल : मग काय करायचं

परभणीत एकेचाळीस वर्षं झाली, मी मोटारी भरतो. जळालेलं वाइंडिंग उपसायचं, नवीन टाकायचं, वॉर्निश मारायचं, वाळवायचं. तारेचा गेज, म्हणजे जाडी, मी कधी मोजला नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत तार फिरवली की बावीस आहे का चोवीस, हे बोटच सांगायचं. २०१९ च्या उन्हाळ्यात एका मोनोब्लॉकला (मोटार आणि पंप एकत्र असतो तो) मी बावीसच्या जागी चोवीसची, म्हणजे बारीक, तार भरली. मोटार चार दिवसांत जळून परत आली. शेतकरी ओळखीचा, काही बोलला नाही. भाच्यानं तारेला मायक्रोमीटर लावला आणि गपचूप माझ्यापुढं धरला. बोटं खोटं बोलायला लागलीत, हे मला त्या दिवशी कळलं.

पाय त्याच्या वर्षभर आधीच गेले होते, पण पायाकडं कोण बघतं? तळव्यांना गादीवर चालल्यावाणी वाटायचं. चप्पल निसटून मागं राहायची आणि मी तसाच चार पावलं पुढं. बायको मागून ओरडायची, "अहो, चप्पल कुठं सोडली?" तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, बेसिनच्या नळावर कपाळ दोनदा आपटलं. मग हात हलायला लागला. चहाचा कप उचलला की बशी वाजायची.

मला झालेला आजार रक्तातल्या एका प्रोटीनमुळं होतो; त्याला अँटी-मॅग न्यूरोपथी म्हणतात, न्यूरोपथी म्हणजे नसांचं दुखणं. तो फार लोकांना होत नाही, पण ज्याला होतो त्याची दोन-तीन वर्षं दारोदार फिरण्यात जातात. माझी तीन गेली. तुमची कमी जावीत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. मोटारीत फॉल्ट शोधायची एक पद्धत असते, ती अंगावर वापरायला मी उशिरा शिकलो, एवढंच.

आधी तीन चुकीच्या दारांबद्दल

पहिल्या डॉक्टरांनी शुगर सांगितली. तपासली तर नॉर्मल. तरी "बॉर्डरवर असेल" म्हणून नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांनी एमआरआय काढायला लावला आणि मणक्यात गॅप निघाला. साठीच्या माणसाच्या मणक्यात गॅप निघणार नाही तर काय निघणार? आमच्या गल्लीत गॅप नसलेला माणूस मला दाखवा. तिसऱ्यांनी हात हलताना बघून कंपवात म्हटलं आणि चार महिने त्याच्या गोळ्या चालल्या.

यातला फरक घरी बसून ओळखता येतो, निदान शंका तरी घेता येते. कंपवातात हात बहुतेक वेळा मांडीवर निवांत पडलेला असताना हलतो. माझा उलटा : मांडीवर गप्प, कप उचलला, किल्ली कुलपाला लावायला गेलो, सही करायला बसलो की सुरू. कंपवातात अंग आखडतं, चाल बारीक पावलांची होते. माझी चाल फाकलेली, बोटीत उभ्या माणसासारखी. आणि मणक्याच्या दुखण्यात बहुधा एका बाजूला कळ जाते. माझे दोन्ही पाय एकसारखे बधिर झाले, बोटांपासून वर, मोजे चढवल्यासारखे.

तर लक्षात ठेवायची खूण ही : दोन्ही पायांचे तळवे सारखेच बधिर, अंधारात किंवा डोळे मिटून तोल जाणं, काम करताना हात हलणं, आणि हे सगळं महिन्या-महिन्यानं, अगदी सावकाश वाढणं. पन्नाशीच्या पुढच्या माणसात हे चारही असेल आणि शुगर, बी-१२ नीट असेल, तर रक्तातलं प्रोटीन बघायला सांगा. पुरुषांत हा आजार जास्त दिसतो.

हे आहे तरी काय

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रोटीनं असतात, अँटिबॉडी. त्यांच्या जाती आहेत. आयजीजी, आयजीए, आयजीएम या मुख्य. हाडाच्या मगजात आणि गाठींत बसलेल्या पेशी त्या बनवतात, हजार साच्यांच्या हजार प्रकारच्या. कधीकधी त्यातल्या एकाच पेशीचं पिल्लावळ वाढतं आणि ते एकाच साच्याचा माल काढत बसतं. त्या मालाला रिपोर्टात एम-बँड, एम-स्पाइक किंवा मोनोक्लोनल प्रोटीन म्हणतात.

एवढ्यानं तो कॅन्सर ठरत नाही, हे आधी सांगतो, कारण रिपोर्ट वाचून माझ्या बायकोनं रात्र रडून काढली होती. हे प्रोटीन १०० मिलिलिटर रक्तद्रवात ३ ग्रॅमपेक्षा कमी, मगजातल्या त्या पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि हाडं, किडनी, हिमोग्लोबिन शाबूत असेल तर त्याला एमजीयूएस म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल या डॉक्टरांनी १९७८ मध्ये दिलं. तिकडच्याच पाहणीत पन्नाशीपुढच्या शंभरातल्या साधारण तिघांच्या रक्तात ते सापडलं. बहुतेकांना जन्मात पत्ता लागत नाही. वर्षाला शंभरातल्या एखाद्याचं दुखणं पुढं मोठं होतं, म्हणून लक्ष ठेवायचं.

आता नस. हे मात्र मला डॉक्टरांनी सांगायच्या आधीच कळलं. मोनोब्लॉकमध्ये आपण जी तांब्याची तार भरतो तिच्यावर एनॅमलचा पातळ थर असतो. तांबं दिसतं तसं उघडं नसतं. तो थर उडाला की तार तुटलेली नसते, पण मोटार चालत नाही. नसेवरही असाच थर असतो, मायलिन. एकावर एक गुंडाळलेल्या पापुद्र्यांचा. त्यात मॅग नावाचं एक प्रोटीन असतं. काही जणांची ती एकसाची आयजीएम अँटिबॉडी नेमकी या मॅगला जाऊन चिकटते आणि पापुद्रे एकमेकांपासून सुटायला लागतात. आयजीएमचा बँड आणि सोबत नसांचं दुखणं असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत ही अँटी-मॅग अँटिबॉडी सापडते. मी त्या निम्म्यात.

पाय आधी का? चारशे फुटाच्या बोअरला आणि चाळीस फुटाच्या विहिरीला एकच केबल टाकून बघा. लांब तारेला मार आधी. पायाची नस अंगातली सगळ्यांत लांब.

आणि हात हलतो तो हातात जोर नाही म्हणून नव्हे. बोटं कुठं आहेत ही खबर मेंदूला उशिरा पोचते. मेंदू दुरुस्ती पाठवतो तोवर हात पुढं गेलेला असतो, मग उलटी दुरुस्ती, मग परत. व्होल्टेज कमी-जास्त होताना स्टेबिलायझर कसा टकटक करत राहतो, तसं.

तपासण्या कोणत्या क्रमानं

मोटार आली की आपण सरळ खोलत नाही. आधी सप्लाय बघतो, मग स्टार्टर, मग मेगर लावून इन्सुलेशन, आणि मग खोलतो. अंगाचंही तेच. मी उलटं केलं, आधी एमआरआय काढून बसलो.

पहिल्या खेपेला स्वस्त रक्ततपासण्या उरकून घ्या : उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, बी-१२, थायरॉइड, किडनीचं क्रिएटिनिन, संपूर्ण रक्तगणना, एचआयव्ही. बी-१२ ला हसू नका. माळकरी घरात तो बऱ्याचदा कमी असतो, आणि त्यानंही पाय बधिर होऊन तोल जातो, शिवाय तो इंजेक्शननं भरून निघतो. दारू घेत असाल तर डॉक्टरला खरं सांगा, बायकोला बाहेर बसवून सांगा.

यात काही निघालं नाही तर मेंदू-नसांच्या डॉक्टरकडं, म्हणजे न्यूरोलॉजिस्टकडं जा. तालुक्याला नसतात. नांदेड, लातूर, संभाजीनगर किंवा हैदराबाद. आम्ही संभाजीनगर धरलं. माझं वय पासष्टच्या पुढं, एसटीत अर्धं तिकीट. २०२३ पासून बायकोचंही महिला म्हणून अर्धं. दोघांत एक तिकीट, हा आजारपणातला एकमेव फायदा.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखा एक काटा टेबलाच्या कडेवर वाजवला आणि माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

"काका, काय जाणवतंय?"

"टेकवलंय एवढं कळतंय."

"थरथर जाणवतेय का?"

"थरथर कसली?"

त्यांनी तोच काटा माझ्या गळ्याखालच्या हाडावर लावला आणि मी दचकलो. अख्खं हाड गुणगुणत होतं. एकेचाळीस वर्षं मी पेचकसाची मूठ कानाला आणि टोक मोटारीला लावून बेअरिंग ऐकत आलो. घोट्यावर तीच थरथर चालू असताना मला पत्ता नव्हता. मग त्यांनी पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. नर्सनं धरलं नसतं तर मी त्यांच्या टेबलावर पडलो असतो.

पुढं नसांची तपासणी, नर्व्ह कंडक्शन. कातडीवर बारीक शॉक देऊन खबर किती वेगानं जाते ते मोजतात. निरोगी हाताच्या नसेत सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा वर वेग असतो. मला शॉकची सवय, बाकीच्यांनी थोडी तयारी ठेवावी : झटका बसतो, पण जळत नाही. जायच्या दिवशी हातापायाला तेल, मलम लावू नका, पट्ट्या चिकटत नाहीत. थंडीत गेलात तर हातपाय आधी ऊबदार करून घ्या. गार पायाची नस तशीही हळू चालते आणि रिपोर्ट बिघडतो. छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगा. माझ्या रिपोर्टात वेग तर कमी होताच, पण मनगट ते अंगठा आणि घोटा ते पाऊल या शेवटच्या टप्प्यात फार वेळ लागत होता. त्यावरूनच डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली.

मग ती रक्ततपासणी, जिच्यासाठी हे सगळं पुराण. नाव पाठ करा : सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघणं. आणि त्याच्या जोडीला इम्युनोफिक्सेशन, म्हणजे बँड कोणत्या जातीचा ते बघणं. दोन्ही मागा. माझी पहिली इलेक्ट्रोफोरेसिस एकटीच झाली होती आणि नॉर्मल आली होती. बँड बारीक असला की ती चुकवते. संभाजीनगरला दोन्ही केल्या तेव्हा इम्युनोफिक्सेशनमध्ये "आयजीएम कप्पा" उमटलं (कप्पा ही अँटिबॉडीतल्या एका साखळीची जात). जिथं पहिली केली त्या लॅबची चूक नाही, मागितलं तेवढंच त्यांनी केलं.

रिपोर्टात एक आलेख असतो. डावीकडं देवळाच्या शिखरासारखा एक उंच सुळका दिसेल. घाबरू नका, तो अल्ब्युमिन. तो सगळ्यांचाच असतो. मी त्याच्याकडंच बोट दाखवून बसमध्ये बायकोला म्हटलं होतं, हा बघ माझा रोग. बघायचं ते उजवीकडं, जिथं पसरट टेकाड असायला हवं. तिथं अरुंद सुळका असेल तर बोलायचं.

बँड सापडला की अँटी-मॅग तपासणी. ती मोठ्या शहरातल्या लॅबला जाते, रिपोर्टला दिवस लागतात, आणि खर्च साधारण एका मोठ्या मोटारीच्या वाइंडिंगएवढा. सोबत रक्तविकाराचे डॉक्टर, हिमॅटोलॉजिस्ट, लागतात. ते इम्युनोग्लोब्युलिनचं (म्हणजे अँटिबॉडींचं) प्रमाण, लाइट चेन (अँटिबॉडीचे सुटे तुकडे), गरज पडली तर मगजाची तपासणी आणि पोटा-छातीचा सीटी सांगतात. आयजीएम वाढलेलं असेल तर वाल्डेनस्ट्रोम नावाचा सावकाश चालणारा रक्ताचा कॅन्सर नाही ना, हे त्यांना बघायचं असतं.

एक गोष्ट डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावली. म्हाताऱ्या माणसात बँडही बऱ्याच जणांत असतो आणि पाय बधिर होणंही बऱ्याच जणांत. दोन्ही एकाच अंगात सापडले म्हणजे एकानं दुसरं केलं असं नाही. नसांचा रिपोर्ट, बँडची जात आणि अँटी-मॅग तिन्ही जुळले तरच. म्हणून बँड दिसला की लगेच औषध सुरू करणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

वाट बघत कधी बसायचं नाही

माझं दुखणं गोगलगायीचं आहे. पण रक्तातल्या प्रोटीनचे दुसरे काही आजार घोड्यावर येतात. आठवड्या-आठवड्यानं पायातला जोरच जायला लागला, वजन उतरलं, रात्री ताप आणि घामानं अंथरूण भिजलं, उभं राहिलं की चक्कर येऊन पडायला झालं, लघवीला फेस आला, पायावर सूज चढली, दम लागला, नाकातून-हिरड्यांतून रक्त आलं किंवा डोळ्यांपुढं धुरकट झालं, तर पुढच्या महिन्याची तारीख घेऊन बसू नका. त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रोटीनचा रिपोर्ट पहिल्यांदा हातात द्या.

औषधाचं खरं खरं

मला दीड वर्ष काहीच दिलं नाही. नुसतं लक्ष ठेवलं. मला राग यायचा : रोग सापडला, मग औषध का नाही? आता पटतं. बऱ्याच जणांत हा आजार दहा-दहा वर्षं रेंगाळतो आणि औषधाचा त्रास आजारापेक्षा मोठा होऊ शकतो. चालणं, जेवणं, काम अडायला लागलं की मग औषधाचा विचार.

औषध म्हणजे बहुतेक वेळा रिटुक्सिमॅब. सलाईनमधून देतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना ते मारतं. ते आपल्याकडंही बनतं, त्यामुळं पूर्वीइतकं हाताबाहेर नाही, तरी स्वस्त म्हणता येणार नाही. दवाखाना कोणत्या सरकारी योजनेत बसतो आणि हा उपचार त्यात येतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. हे औषध घ्यायच्या आधी काविळीची, हेपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे. जुना विषाणू अंगात झोपलेला असला तर तो उठतो. गुण येतो तो साधारण दहातल्या तीन ते पाच जणांना, आणि तोही महिन्यांनी. क्वचित सुरुवातीला उलटं बिघडतं.

मला २०२३ मध्ये आठवड्याला एक अशी चार सलाईनं लागली. पहिल्या वेळी थंडी वाजून आली, त्यांनी वेग कमी केला. पाच महिन्यांनी मला दुकानाच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढता आल्या. बोटं परत आली नाहीत. तार आजही कळत नाही.

नसांच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. त्यात बी-६ असतं. ते जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच नसा बिघडतात. मी तीन डॉक्टरांच्या तीन वेगळ्या गोळ्या एकदम खात होतो; सगळ्यांत बी-६. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. आणि नस चोळून मोकळी करतो म्हणणाऱ्याच्या हाती पाय देऊ नका. बधिर पायाला किती दाबलं ते तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही.

उजेड

२०२० च्या जानेवारीत, रोगाचं नाव माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. गावाकडं तीन एकर आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं, लाईट रातची. दोन वाजता दांडावर उभा होतो, एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी. बॅटरी विझली. मी कशाला अडखळलो नाही, पाय घसरला नाही, वारा नव्हता. नुसता अंधार झाला आणि मी आडवा, तोंड चिखलात. उठायला गेलो की वर कुठं अन् खाली कुठं कळेना. चार पायांवर रांगत विहिरीच्या उलट्या बाजूला गेलो, एवढी अक्कल शाबूत होती.

तोल तिघं मिळून सांभाळतात : डोळे, कानाच्या आतलं यंत्र आणि तळवे. माझे तळवे कामावर येत नाहीत, त्यामुळं सगळा भार डोळ्यांवर. उजेड गेला की मी पडणार, हे ठरलेलं.

म्हणून घरात पहिला खर्च उजेडावर. लाईट गेली तरी आपोआप चालू राहणारे इन्व्हर्टर बल्ब मिळतात. एक न्हाणीत, एक पलंगाजवळ, एक संडासच्या वाटेवर. शेतात जायचंच असेल तर हातातली बॅटरी नको, कपाळाला बांधायची घ्या आणि खिशात दुसरी. विहिरीच्या काठाला रात्री जाऊच नका. माझ्या रानातलं रात्रीचं पाणी आता भाचा देतो.

न्हाणीत डोक्यावर तांब्या ओतताना डोळे मिटतात, म्हणून बसून आंघोळ. पाटावर नव्हे, पाटावरून उठता येत नाही. प्लॅस्टिकचं उंच, रुंद स्टूल, रबरी पायांचं. भिंतीला लोखंडी कडी, टॉवेलच्या दांडीवर भरवसा ठेवू नका, ती माझ्या हातात निघून आली होती. पाण्याचा अंदाज पायानं घेऊ नका, कोपर बुडवा. हिवाळ्यात शेकोटीला पाय लांब करून बसायची सवय सोडली; एकदा मोज्याला भोक पडलेलं दिसलं तेव्हा कळलं की खाली कातडीही भाजलीय.

पाय रोज झोपताना बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा घरच्यांना बघू द्या, त्यात लाज कसली. माझ्या टाचेत बाभळीचा काटा चार दिवस होता, पू झाल्यावर बायकोच्या नजरेला पडला. फटफटीच्या सायलेन्सरला पोटरी लागलेली मला वासावरून कळली होती. चप्पल बंद. मागून पट्टा असलेली सँडल, तळ पातळ आणि कडक. जाड मऊ फोमचा बूट आरामाचा वाटतो, पण त्यानं उरलीसुरली जाणीवही जाते. पावसाळ्यात काळ्या रानात पायाला चिखलाचे गोळे चिकटतात तेव्हा दर दहा पावलांना थांबून काठीनं काढा. आणि उन्हाळ्यात देवळात : औंढ्याला गेलो होतो मे महिन्यात, दुपारी बाराला, अनवाणी. फोड आले ते घरी आल्यावर दिसले. आता जाड मोजे घालून जातो. नागनाथाची काही तक्रार नाही.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरी. माझा रोजचा : भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, पुढं खुर्ची. पडलो तर मागं भिंत, पुढं खुर्ची. आधी पाय जुळवून, मग एक पाय दुसऱ्याच्या पुढं, डोळे उघडे. मग टाचा वर-खाली, वीसदा. दहा मिनिटं होतात. भाचा म्हणतो, "मामा, शाळेत शिक्षा झाल्यावाणी दिसता."

हात

कप सोडा. स्टीलचा जड बुडाचा पेला, अर्धा भरलेला, कोपर टेबलाला टेकलेलं. हात हवेत ताणला की हलतो, आधार मिळाला की निम्मा शांत होतो. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून घ्या. रस्सा वाटीला तोंड लावून प्या, जावयासमोर असलात तरी. बटणांचे सदरे मी देऊन टाकले, डोक्यातून घालायचा नेहरू शर्ट बरा. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक. हात हलायच्या ज्या गोळ्या असतात त्या मला लागू पडल्या नाहीत. तुमचं वेगळं असू शकतं.

सहीचं काम मात्र आजच करा. माझा चेक एका बँकेत दोनदा परत आला, सही जुळत नाही म्हणून. तिसऱ्यांदा मी स्वतः काउंटरवर उभा, आधार हातात, तरी तो साहेब म्हणे सही जुळत नाही. मी म्हटलं, सही जुळत नाही पण माणूस जुळतोय ना? हात पुरता बिघडायच्या आत शाखेत जाऊन नवीन सही नोंदवा किंवा अंगठ्याची सोय करून घ्या, आणि खात्यात घरातल्या कुणाचं तरी नाव जोडा.

डॉक्टरकडं जाताना

डॉक्टर तुम्हाला पाच मिनिटं बघतात, आणि त्या पाच मिनिटांत हात नेमका गप्प बसतो. म्हणून मोबाइलवर चित्रण करून न्या : दहा पावलं चालणं, वळणं, पेला तोंडाशी नेणं, बोट नाकाला लावणं. सगळं मिळून मिनिटभर. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच चपलेत.

दुसरं, एक वही. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिच्यात आतून बाहेर फिरत जाणारं एक वेटोळं काढतो, कॉइलसारखं, हात टेबलाला न टेकवता, आणि खाली स्वतःचं नाव लिहितो. पानं उलटत गेलं की आजार कुठं चाललाय ते कुणालाही दिसतं. औषधाआधीची वेटोळी कोळ्याच्या जाळ्यावाणी आहेत. डॉक्टरांनी माझ्या महागड्या रिपोर्टांपेक्षा ती वही जास्त वेळ बघितली.

फाइल तारखेनं लावा, सगळ्यांत नवीन वर. प्रोटीनचे सगळे रिपोर्ट शक्यतो एकाच लॅबचे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. आजार थांबलेला वाटला तरी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं रक्त तपासत राहायचं. माझं सहा महिन्यांनी होतं.

चालणं फार अडलं असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करा, मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला बोलावतात. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात हालचालीचं आणि नसांच्या जुनाट आजारांचंही येतं. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढं. जाताना नसांच्या तपासणीचा रिपोर्ट न्या, नुसते हात हलवून दाखवू नका. माझ्या पुढं रांगेत उभा असलेला एक जण नुसताच हलवून दाखवत होता, त्याला परत पाठवला.

दुकान चालू आहे. तार आता भाचा भरतो, स्लॉटमध्ये कागदही तोच बसवतो. मी स्टुलावर बसून मेगर लावतो, पेचकस कानाला लावून बेअरिंग ऐकतो, आणि गिऱ्हाइकाशी भाव करतो. कान अजून खोटं बोलत नाहीत. परवा एक सबमर्सिबल आली होती, भाच्यानं वाइंडिंग जळालं म्हणून उपसायला घेतलं. मी म्हटलं, थांब, आधी केबल तपास. जॉइंटमध्ये पाणी शिरलं होतं.